लिफ्टमधला दत्ताराम आणि काकीचं पान

या ब्लॉगवर आजवर मी किल्ले लिहिले, घाट लिहिले, एका उन्हाळ्यात तर नुसत्या मिसळींवर सात भाग लिहून वाचकांचा अंत पाहिला. झपाटलेल्या जागांच्या वाटेला मात्र कधी गेलो नाही. माझा भुतांवर विश्वास नाही, आणि रात्री पाणी प्यायला उठलो की मी आधी दिवा लावतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे पुढचं वाचताना माझ्याकडून ठाम मताची अपेक्षा ठेवू नका.

सुरुवात माझ्या मुलीच्या मोबाईलपासून झाली. रत्नागिरीला आमच्या ओटीवर बसून ती 'मुंबईतल्या पाच झपाटलेल्या जागा' असा काहीतरी व्हिडिओ बघत होती. चौथी जागा गिरगावातलं एक जुनं हॉटेल. तिथे म्हणे फार वर्षांपूर्वी एक कोकणी लिफ्टमन वारला आणि त्याची लिफ्ट अजून रोज आपोआप वर जाते. दर अमावास्येला हॉटेलचा स्टाफ त्याला पान वाढतो. पडद्यावर हॉटेलची कमान दिसली आणि शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या काकीने सूप खाली ठेवलं.

"ह्या तेचा हाटेल," ती म्हणाली.

काकी म्हणजे माझ्या सख्ख्या काकाची, दत्तारामकाकाची बायको. काका त्या हॉटेलात लिफ्टमन होता; त्याच कमानीखाली काढलेला त्याचा फोटो काकीने जपून ठेवला आहे. मी चौथीत असताना त्याची पत्रं यायची थांबली, आणि माणूसही परत आला नाही. माझे बाबा मुंबईला जाऊन आले, 'नोकरी सोडून गेला म्हणतात' एवढंच सांगितलं. मग कोणी म्हणालं वारला, कोणी म्हणालं नागपूरला दिसला. बारा वर्षं झाल्यावर भटजी पालाशविधी करा म्हणाले. हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी. काकीने साफ नकार दिला. ती पहिल्यापासून आमच्याकडेच आहे. आज सत्तरीची आहे आणि कपाळाला रोज कुंकू लावते.

त्या रात्री तिने मला बोलावलं. "सुधीर, माका थंय ने. तो थंय असलो तर माका बरा वाटात. मेलो असलो तर माका सोडून तरी नाय गेलो. इतक्याच माका समजाक व्हया."

नवरा भूत निघावा म्हणून कोणी देव पाण्यात ठेवलेले मी पहिल्यांदा पाहिले. अमावास्या गाठून जायचं ठरलं. तिकिटं मिळाली.

पहिला दिवस

सकाळची गाडी दुपारी दादरला पोचते. स्टेशनातून पश्चिमेला उतरा, फुलबाजार ओलांडा आणि पहिल्या मराठी खानावळीत घुसा. थालीपीठ आणि पियुष, दोघांचे मिळून साडेतीनशेच्या आत. काकीने पियुषचा एक घोट घेऊन "ह्या श्रीखंडात पाणी पडला" असा निकाल दिला आणि पेला रिकामा केला.

टॅक्सी मीटरनेच घ्या. आमच्या टॅक्सीवाल्याने परळ, लालबाग असा जुना रस्ता धरला. काकी आयुष्यात प्रथमच मुंबईत येत होती, तरी ती खिडकीतून एकेक नाव आधीच सांगत होती, कारण पत्रांत सगळं आलेलं होतं. फक्त पत्रांत गिरण्यांची धुराडी होती आणि खिडकीबाहेर काचेचे टॉवर. "धुराडी खंय गेली?" तिने विचारलं. टॅक्सीवाला म्हणाला, "आजी, एक राहिलंय कुठेतरी, शो साठी."

हॉटेलचं नाव मी देत नाही, मॅनेजरसाहेबांना तसा शब्द दिला आहे. ठाकुरद्वारहून समुद्राकडे निघालात की डाव्या हाताच्या एका गल्लीत आहे. तीन मजले, लाकडी जिने, उंच छत, पंखे सावकाश फिरणारे. दोघांच्या खोलीला रात्रीचे साडेतीन हजार, नाश्त्यासकट. गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच. आणि मध्यभागी ती लिफ्ट, जाळीच्या सरकत्या दाराची, आत लिफ्टमनसाठी लाकडी स्टूल.

काउंटरवर प्राजक्ता नावाची मुलगी होती, परळची. मी आडवळणाने विषय काढणार तेवढ्यात काकीने सरळ विचारलं, "तुमच्याकडे भूत आसा मा?"

प्राजक्ता हसली. "आहे ना आजी. पण आमचं एकदम डिसेंट आहे. रात्रीचं काही नाही, त्याची ड्युटी दुपारी चारला. बरोब्बर चारला लिफ्ट एम्प्टी तिसऱ्या माळ्यावर जाते. तुम्ही बघाच, पाच मिनिटं आहेत."

तेवढ्यात मॅनेजर आतून आले आणि म्हणाले की स्टाफ काहीही सांगतो, खरं भूत एका गोऱ्या मॅडमचं आहे आणि ती पियानो वाजवते. हॉटेलात पियानो दिसला नाही. विचारलं तर म्हणाले, "विकला. तरी वाजतो."

चार वाजले. लिफ्ट खडखडली आणि कोणीही आत नसताना वर निघाली. आम्ही खालून बघत राहिलो. ती तिसऱ्या मजल्यावर थांबली, दार उघडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. माझ्या हातातला मोबाईल व्हिडिओ काढायचा विसरला, म्हणजे मी विसरलो. काकीने मात्र पदर सावरला आणि वर बघून, घरी उशिरा आलेल्या माणसाला म्हणावं तसं, "इलंस?" म्हणाली.

दुसरा दिवस

सकाळी नाश्त्याला कांदेपोहे आणि ऑम्लेट. पोहे घ्या.

मी तिसऱ्या मजल्यावर तपासाला गेलो. चादरी बदलणाऱ्या मावशी भेटल्या. लिफ्टचं विचारल्यावर त्या आधी इकडेतिकडे बघू लागल्या आणि मग म्हणाल्या, "दादा, बटण मीच दाबते. मळक्या चादरींचं गाठोडं खाली पाठवायला."

"मग भूत?"

"भूत चारला येतं ना. म्हणून मी बटण दाबते, लिफ्ट आली की गाठोडं आत टाकते आणि जिन्याने पळते. आत कोण बसलंय काय माहीत!"

"पण लिफ्ट तुम्हीच बोलावता!"

"हो. पण येतं तेच."

मी तिथेच जिन्यात बसलो. बाईंचं म्हणणं चुकीचं होतं हे मला कळत होतं, नेमकं कुठे चुकीचं ते सांगता येईना.

तिथून आम्ही करी रोडला गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गिरणगावात कोकणातल्या गावागावांच्या स्वतःच्या खोल्या असत. एका गावचे वीस-पंचवीस बाप्ये एकाच खोलीत, पाळीपाळीने झोपायचे, प्रत्येकाची एक ट्रंक आणि भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो. आमच्या गावची चाळ पाडून टॉवर झाला, पण गावाने खोलीचा हक्क सोडला नाही. त्यामुळे आमच्या गावची खोली आता सतराव्या मजल्यावर आहे. फोटो तोच, खाली टाइल्स, आणि खिडकीतून थेट समुद्र.

तिथे भिकूतात्या भेटले, नव्वदीच्या आतबाहेरचे, काकाबरोबर राहिलेले. काकीला पाहून ते उठून उभे राहिले.

"दत्तारामाचा तुमका कोणी सांगल्यान, तो मेलो म्हणान?" काकीने विचारलं.

"हाटेलवाल्यांनी," तात्या म्हणाले. "म्हणजे तसा सांगूक नाय कोणी. पण ते अमावाश्येक तेका पान दाखवक लागले. जित्या माणसाक कोण पान दाखवता, वयनी? मगे आमी पण धरून चललंव."

"तुमी बघितलास तेका? मेल्यावर?"

"नाय. आमी पानच बघितला."

काकीने भिंतीवरच्या देवाला हात जोडले. उतरताना म्हणाली, "म्हणजे हाटेलवाल्यांका ठाव असतला." तिच्या आवाजात आशा होती आणि मला त्या आशेची भीती वाटायला लागली होती.

हॉटेलचे मुख्य आचारी परब, सावंतवाडीकडचे. साठी उलटली तरी भटारखान्यात त्यांचाच शब्द चालतो. दुपारी जेवण आटोपल्यावर ते आमच्या टेबलाशी येऊन बसले. काकी कोण हे कळल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"वयनी, तुमचो घोव आमचो राखणदार आसा. गणपतीक रजा व्हयी, पोराक नोकरी व्हयी, आमी तेकाच गाऱ्हाणा घालतंव. अमावाश्येक पान एकदम बरोब्बर. उकडो भात, बांगड्याचा तिकला, दोन तळलेले बांगडे."

काकीचा चेहरा बदलला. "बांगडे? अवो, तो माळकरी! लगीन झाल्यापासून तेनी मासो तोंडाक लावल्यान नाय!"

परब गोंधळले. मग हळूच म्हणाले, "हंयसर तर खाय होतो. आवडीन. माळ काढून खिशात ठेवी आणि जेवलो की परत घाली."

काकीने पदराने तोंड पुसलं आणि "माका पडाक व्हया" म्हणत खोलीकडे गेली. दारातून वळून म्हणाली, "तसो असलो तर तो माझो न्हय. नाय तर मग माकाच तो ठाव नाय होतो."

ती गेल्यावर मी परबांना मूळ प्रश्न विचारला. काका वारला हे हॉटेलला कसं कळलं?

परबांनी सगळं आठवून, नीट सांगितलं. ते नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. एके दिवशी चार वाजता दत्तारामाने ड्युटी संपवली, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेली, मागच्या स्टाफच्या खोलीत गणवेश काढून ठेवला, जिन्याने उतरला आणि गेला. भांडण नाही, आजार नाही. चारेक महिन्यांनी गावाहून त्याचा भाऊ आला. लिफ्टसमोर नारळ ठेवून, हात जोडून खूप वेळ पुटपुटला. मग नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि ढसाढसा रडला.

"आमच्यातलो देवगडचो म्हातारो वेटर होतो," परब म्हणाले, "तो म्हणालो, भाऊच नारळ ठेवन् रडता म्हणजे माणूस गेलो. तेचो जीव लिफ्टीत अडाकलो, तेची सोय लावक व्हयी. पुढच्या अमावाश्येपासून आमी पान सुरू केला."

तो भाऊ म्हणजे माझे बाबा.

बाबांनी तो नारळ भाऊ सापडावा म्हणून ठेवला होता. आमच्याकडे म्हैस हरवली तरी नारळ ठेवतात! हॉटेलवाल्यांनी तो नारळ बघून काकाला मेलेला धरलं, खोलीवाल्यांनी हॉटेलचं पान बघून धरलं आणि ती बातमी फिरून आमच्या ओटीवर आली. पहिल्या टोकाला मरण कोणी पाहिलेलंच नव्हतं. भूत आमच्याच घरातून निघालं होतं.

संध्याकाळी चौपाटीवर गेलो. (गिरगाव चौपाटीला भेळ खायची तर गाड्यांची गर्दी टाळून मागच्या रांगेत जा.) काकी वाळूत बसून समुद्राकडे बघत होती आणि मी हातात भेळेचा द्रोण धरून विचार करत होतो. सांगितलं तर तिचा नवरा पुन्हा सोडून गेलेला ठरतो. नाही सांगितलं तर मी एका म्हातारीला फसवतो, तेही तिच्याच नवऱ्याच्या बाबतीत. भेळ मऊ पडली. मी सांगितलं नाही आणि मला माझीच लाज वाटली.

तिसरा दिवस, अमावास्या

सकाळी काकी आंघोळ करून थेट भटारखान्यात गेली आणि परबांना म्हणाली, "माका एक चूल द्या." अशा वेळी मोठे आचारी कसे वागतात ते मला पाहायचं होतं. परबांनी स्वतःच्या हाताने शेगडी पुसून दिली.

तिने काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं, आंबोळ्या घातल्या, तांदळाची खीर केली. वास असा सुटला की मॅनेजरसाहेब दोनदा 'गॅस बघायला' येऊन गेले. शेजारच्या शेगडीवर परब संकोचून उभे होते, बांगडे धुऊन तयार. "ह्ये राहूदेत मा आज?" त्यांनी विचारलं.

काकीने बांगड्यांकडे पाहिलं. "नको. तुमी पण करा. दोनय वाढूया."

पावणेचारला सगळा स्टाफ खाली जमला. प्राजक्ता होती, मावशी होत्या, मॅनेजरही खांबाआड उभे होते. केळीच्या एकाच पानावर एका बाजूला सांबारं-आंबोळी, दुसऱ्या बाजूला तिकल्याचं दाट कालवण आणि तळलेले बांगडे, मधे भाताची मूद. पान लिफ्टमधल्या स्टुलासमोर ठेवलं. परबांनी गाऱ्हाणं घातलं. स्टाफची सुखदुःखं सांगून झाली, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. मग ते बाजूला झाले. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. काकी पुढे गेली.

"तू कोण तो माका ठाव नाय," ती म्हणाली. "माझो असशीत तर हय बाजूचा खा. ह्येंचो असशीत तर थय बाजूचा खा. दोनय असशीत तर दोनय खा, पण उपाशी रवू नको. मी खूप वर्षां वाट बघलंय. आता माझे पाय दुखतत."

"व्हय महाराजा," परब म्हणाले आणि त्यांनी टोपीने डोळे पुसले. मीही रडलो, लपवत नाही.

जाळीचं दार लावलं. चार वाजले आणि लिफ्ट पान घेऊन वर निघाली. मावशी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, दोन्ही हात जोडलेले. त्यांनी बटण दाबलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर सुरतचं एक जोडपं मुक्कामाला होतं, त्यांनी दाबलं असेल. मी जाऊन त्यांना विचारू शकलो असतो. विचारलं नाही, आणि का नाही विचारलं ते मला अजून कळलेलं नाही.

परत

सकाळच्या गाडीने निघालो. चिपळूण मागे पडेपर्यंत मी दम धरला, मग राहवेना. काकीला सगळं सांगून टाकलं. बाबा, नारळ, देवगडचा वेटर, पान, खोली. म्हटलं, काकी, तिथे कोणी मेल्याचं कोणालाच माहीत नाही. सगळं त्या एका नारळावरून उभं राहिलंय.

ती खिडकीबाहेर बघत होती. मग वळली आणि तिला हसू आलं, ते आवरेना. समोरच्या बाकावरची बाई बघायला लागली.

"अरे, तो नारळ माझो! आमच्या माडाचो. तुझ्या बापाशीच्या पिशयेत मीच घातलंय. म्हटलंय, जंय तो काम करता थंय ठेव आणि सांग, तेका परत पाठव." हसता हसता तिने डोळे पुसले. "म्हणजे तेका मीच मारलंय रे."

 

आता हॉटेलबद्दल माझं मत विचाराल, तर जरूर जा. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, पोहे उत्तम. भूत आहे का, तर मला माहीत नाही. जाण्यापूर्वी 'नाही' हे नक्की माहीत होतं. काका मेला का, तेही माहीत नाही. तो दुपारी चारला गणवेश काढून का गेला, खिशात माळ ठेवून बांगडे खाणारा तो माणूस कोण होता, यातलं काही कळलं नाही. चार दिवस आणि एवढा खर्च करून मी घरी आणला तो निव्वळ गोंधळ.

काकीचं मात्र तसं नाही. आल्यावर आठवडाभराने ती सकाळी अंगणात आली आणि म्हणाली, "भटजीक फोन कर. तो विधी करून टाकूया."

मी गडबडलो. म्हटलं, काकी, आता? आता तर कळलंय की तो मेल्याचा काही पुरावा नाही. जिवंत असला तर? जिवंत माणसाला अग्नी द्यायचा?

आमच्याकडे कोणाच्या मरणाची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं असं मानतात. काकीने तेच धरलं होतं.

"मेलो असलो तर सुटात," ती म्हणाली. "आणि जितो असलो तर आयुष्य वाढात तेचा. खंय असात थंय सुखान रवांदे."